खिशातला कांदा

कोकणात कंबल कुणाला लागतं हो? थंडी पडून पडून पडणार किती, पहाटे अंगावर एक चादर ओढली की भागलं. पण गल्फला गेलेला माणूस सुट्टीवर येताना कंबल आणणार नाही तर शपथ. मोहल्ल्यातल्या घराघरांत ही कंबलं संदुकीत पडून असतात, उचलताना कंबर धरेल इतकी जड, कुणावर वाघ, कुणावर मोर, कुणावर परातीएवढाले गुलाब. लग्नात आहेर करायला, नाहीतर पाहुणा आला की मिरवायला, एवढाच त्यांचा उपयोग. नूरबानूनं मात्र आपल्या लेकानं, तबरेजनं, आणलेली सगळी कंबलं कामाला लावली. हातोडी घेतली, खिळे घेतले आणि घराच्या प्रत्येक खिडकीवर एकेक कंबल ठोकून टाकलं. पडवीच्या जाळीवर गुलाबाचं, मोठ्या खोलीत मोराचं. त्या दिवसापासून घरात भर दुपारी दिवे लागायला लागले.

लोक आधी बोलले, मग हसले, मग गप्प बसले. म्हसळ्याहून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचा हा मोहल्ला. इथं एका घरात कालवण उतरलं की तिसऱ्या घरात वासावरून मासा ओळखतात. नूरबानूनं उन्हाशी वैर धरलंय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि का धरलंय तेही ठाऊक होतं. म्हणून तर कुणी तिच्या वाटेला जात नव्हतं.

आता गंमत बघा, हीच नूरबानू एके काळी उन्हाची लाडकी. एप्रिल-मे महिन्यात तिच्या आंगणात पाय ठेवायला जागा नसायची. एका बाजूला कोलंबीचे सोडे, एका बाजूला आमसुलं, मधे मिरच्या. भर बाराच्या वक्ताला डोक्यावर पदर घेऊन बाई सोडे उलटे करत बसायची. अंगाची लाही होते म्हणून कुणी कुरकुरलं की ठरलेला शब्द, "ऊन काय माणसाला खातं?" तिचा नवरा करमअली लाँचीवर तांडेल होता. सुकाणू धरून जन्मभर उन्हात उभा राहिला, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात नूरबानूनं सकाळी घातलेला एक कांदा असायचा. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. करमअलीला कधी ऊन लागलं नाही. मग कांद्यावर विश्वास का नाही बसणार?

तबरेज गल्फला पाइप टाकायच्या कामावर होता. दर जुम्म्याला त्याचा फोन यायचा. आधी बायकोशी, अक्साशी, बोलायचा, मग आईशी. एका उन्हाळ्यात तो दोनतीनदा म्हणाला की इथलं ऊन आपल्या आंगणातलं नाही, डोकं फिरतं, डोळ्यापुढं काळं येतं. नूरबानूनं ते हसण्यावारी नेलं. बापानं कसे दिवस काढले ते ऐकवलं आणि खिशात कांदा ठेव म्हणून बजावलं. पुढच्या प्रत्येक फोनला ती विचारायची, कांदा आहे ना खिशात? "हाय गं अम्मी, हाय," तो हसून म्हणायचा. अक्साला तेव्हा पाचवा महिना होता, घरात हसण्याला काही तोटा नव्हता.

जून लागला आणि एका दुपारी फोन आला तो तबरेजचा नव्हता. त्याच्या खोलीत राहणारा तळा गावचा राहुल बोलत होता. बोलत कसला, रडत होता. पुढचं सगळं मोठ्या माणसांनी फोनवर ठरवलं आणि मय्यत तिकडेच दफन झाली. नूरबानूला लेकाचं तोंड दिसलं नाही, की त्याच्या कबरीची मूठभर माती हातात आली नाही. ती रडलीही नाही. बायका तिला मिठी मारून रडायच्या आणि ही आपली त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, जणू दुःख त्यांचंच होतं.

गणपती होऊन गेल्यावर राहुल सुट्टीवर आला आणि तबरेजची बॅग घेऊन मोहल्ल्यात आला. पाणी प्यायला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. सकाळपासून तबरेज पाणी पाणी करत होता. मग पाइपाच्या आडोशाला जाऊन बसला. आडोसा म्हणजे सावली नव्हे हं, ऊन तिथंही होतंच. बाकीच्यांना वाटलं, टेकलाय जरा, बसू दे. जेवायची वेळ झाली तेव्हा हाक मारायला गेले. "अंग तव्यासारखं तापलं होतं, काकी. हात लावून देत नव्हतं," राहुल म्हणाला. आत पडद्याआड अक्सा बसली होती. बांगड्या नसलेले हात तिनं पोटावर घट्ट धरले.

बॅगेत होतं काय? अत्तराची कुपी, होणाऱ्या बाळासाठी घेतलेलं पिवळं झबलं, आणि धुऊन घडी घातलेली कामाची पँट. नूरबानूनं पँट उलगडली तर खिशात काहीतरी गोल हाताला लागलं. काढून बघते तर कांदा. सुकून, आत शोषून, कागदासारखा हलका झालेला. राहुल म्हणाला, रोज ठेवायचा काकी, आम्ही त्याला हसायचो.

मेलेल्या माणसाचा कपडा धुतला कुणी आणि कांदा परत खिशात ठेवला कुणी, देव जाणे. ठेवणाऱ्यानं चांगल्या मनानं ठेवला असेल. पण तो कांदा नूरबानूच्या काळजात सुरीसारखा गेला. पोरगा सांगत होता, अम्मी, मला सहन होत नाही, आणि आपण त्याला कांदा दिला. तिनं तो पदराच्या टोकाला गाठीत बांधला. करमअली म्हणाला की फेकून दे तो, तर म्हणाली, माझ्या लेकाच्या खिशातली चीज आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हातोडी शोधली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. नूरबानूनं ताकाचा तांब्याच भिरकावून दिला.

अक्सा तेव्हा इद्दतमध्ये होती. नवरा गेलेल्या बाईनं इद्दत पाळायची, घराबाहेर पडायचं नाही, हा रिवाज. पोटुशी असली तर बाळंत होईपर्यंत. त्यामुळे पहिले महिने कुणाला काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर अक्सालाच तेव्हा अंधार हवा होता. उजेडात तबरेजचा फोटो दिसायचा, दोरीवरचे त्याचे सदरे दिसायचे. कंबलं ठोकली तेव्हा तिनं सासूला खिळे हातात दिले होते.

दिवाळीच्या आगेमागे मुसअब जन्माला आला. बापाचंच नाक, बापाचीच हनुवटी. इद्दत संपली. मौलवीसाहेबांची बीबी मुद्दाम घरी येऊन सांगून गेली की आता पोरीला मोकळं कर, बाहेर जाऊ दे, शिलाईच्या क्लासला घाल, दीनमध्ये, आपल्या धर्मात, कुठं सांगितलंय कोंडून ठेवायला? नूरबानूनं ऐकून घेतलं, तिला सरबत दिलं, दारापर्यंत सोडायला गेली आणि आत येऊन कंबलाचा सुटलेला कोपरा परत ठोकला.

बाळंतिणीला न्हाऊ घालायला शेजारच्या वाडीतली येसूबाई यायची. मोहल्ल्यातली निम्मी पोरं तिच्याच पायांवर न्हालेली. तबरेजही. तिनं मुसअबला तेल चोळलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली आणि सवयीनं त्याला उचलून ओट्यावर निघाली, कोवळ्या उन्हात जरा पालथं घालायला. उन्हात घातलं की तेल मुरतं आणि दृष्ट लागत नाही, एवढंच तिचं शास्त्र. ती उंबऱ्यापर्यंत पोचली असेल नसेल, नूरबानूनं मागून येऊन पोर हिसकावून घेतलं. नागडं पोर, तेलानं निसरडं झालेलं, हातातून सुटता सुटता राहिलं.

"ज्यानं बाप खाल्ला त्याच्यापुढं लेकरू नेऊन ठेवतेस?" नूरबानू म्हणाली.

येसूबाईनं समजावून बघितलं. तबरेजलाही मी असंच उन्हात घालत होते, म्हणाली. नको तिथं नको ते बोलली बिचारी. त्याचं नाव निघालं आणि नूरबानूनं तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांचा घरोबा, पण येसूबाईही मानी बाई. तेलाची वाटी ठेवली, पदर खोचला आणि गेली. रस्त्यापलीकडे तिच्या बोंबलांच्या वलांड्या होत्या, बांबूवर बोंबील वाळत घालायची. रोज समोर दिसायची, पण मान वर करून या घराकडे बघायची नाही.

बाकी नूरबानूनं नातवाला काय कमी केलं? पोराला फुलासारखं ठेवलं. अक्साला बोकडाचं सूप, खजूर, तुपातला शिरा. स्वतः उपाशी राहील पण सुनेच्या ताटात माशाचा मधला तुकडा घालील अशी सासू. शोधून सापडायची नाही. उन्हाचा कवडसा तेवढा तिनं घरात येऊ दिला नाही. एकदा कौल सरकलं आणि फटीतून पाळण्यावर रुपयाएवढा उजेड पडला, तर करमअलीला त्याच वक्ताला माळ्यावर चढवलं.

करमअली बोलणारा माणूस नव्हे. पण एकदा बोलला. "बानू, लिंबाचं रोप सावलीत ठेवलं तर पिवळं पडतं."

"रोप मेलं तर दुसरं लावता येतं," नूरबानू म्हणाली. तबरेज करमअलीचाही एकुलता एकच होता.

आणि वरून लोकांची तोंडं. ईदला बायका आल्या, मुसअबला बघून खुळावल्या. काय गोरापान पोर, अगदी विलायती, दुधात बोट बुडवलं तर बोट कुठलं आणि दूध कुठलं कळणार नाही! आपल्याकडे गोरं पोर म्हटलं की बाकी काही बघायचं नसतं. त्याचा रंग फिकट होता, मांड्या लोण्यासारख्या मऊ होत्या, कपाळ पुढं आलं होतं आणि उशी घामानं भिजलेली असायची. नूरबानूला तेवढं गोरेपण दिसलं. सावलीचं पुण्य, तिला वाटलं.

वर्ष होत आलं तरी दात नाही. बसवलं की कलंडायचा. मोहल्ल्यातली त्याच्या जोडीची पोरं भिंत धरून चालायला लागली आणि हा उचलून घेतला की कळवळून रडायचा, अंगाला हात लावून घ्यायचा नाही. मनगटं सुजल्यासारखी जाड झाली. अक्साही पाय ओढत चालायला लागली. कमरेत कळ यायची, माळ्याचा जिना चढताना मांडीला हातानं आधार द्यायची. नूरबानू तिची कंबर चोळून द्यायची आणि मनाशी म्हणायची, दुःख हाडात उतरतं म्हणतात ते खोटं नाही. अक्सानं एकदोनदा हळूच विचारलं, अम्मी, ह्याला डॉक्टरला दाखवूया काय? नूरबानू म्हणाली, दाखवू, जरा ऊन कमी होऊ दे. कोकणात ऊन कमी कधी व्हायचं?

थंडी पडायला लागली होती. दुपारची वेळ, अक्सा मुसअबला खिमट भरवत होती. पोराचे डोळे एकाएकी वर गेले. हातपाय ताठ झाले, अंग झटके द्यायला लागलं, तोंडाशी फेस आला. अक्सानं अशी किंकाळी फोडली की रस्त्यापलीकडून येसूबाई बोंबील टाकून धावत आली, शेजारपाजारचे आले, घर माणसांनी भरलं. आकडी आली, आकडी आली. कुणी म्हणालं चप्पल हुंगवा. कुणी म्हणालं कांदा आणा, कांदा फोडून नाकाशी धरा. एका बाईनं चुलीजवळच्या टोपलीतला कांदा घेतला, मुठीनं फोडला आणि मुसअबच्या नाकापाशी नेला.

नूरबानूनं तिचा हात असा झटकला की कांद्याची शकलं भिंतीवर आपटली.

"कांदा न्हाय," ती म्हणाली. "रिक्षा आणा."

पोराला छातीशी धरून ती अनवाणी दारातून बाहेर पडली. तीन वाजताचं ऊन रस्त्यावर टळटळत होतं. ज्या उन्हापासून तिनं त्याला जन्मल्यापासून लपवलं त्याच उन्हातून ती त्याला घेऊन पळत होती आणि तिला उन्हाची शुद्धही नव्हती. करमअलीनं रिक्षा आडवी घातली, तेव्हा ती भानावर आली आणि मुसअबच्या तोंडावर पदर ओढला.

म्हसळ्याला रचना मॅडमच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, हळूहळू झटके थांबले. पोर वाचलं. रक्त तपासलं, मनगटाचा फोटो काढला. मॅडमनी फोटो उजेडापुढं धरून दाखवला. हाडाची टोकं विरलेल्या कापडासारखी दिसत होती. अक्सालाही तपासलं, तिचीही हाडं पोकळ होत चालली होती. मग मॅडमनी अगदी साधा प्रश्न विचारला. ह्याला कधी उन्हात नेता का?

करमअली जमिनीकडे बघत राहिला. नूरबानूनंच सांगितलं, नाही नेत. आणि मग तबरेजचं सगळं सांगितलं, कंबलं सांगितली, येसूबाईला हाकलली ते सांगितलं. तिला वाटलं होतं बाई फाडफाड बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. मॅडम खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. कातडीवर ऊन पडतं तेव्हा अंगात एक सत्त्व तयार होतं, त्याच्याशिवाय दूध, सूप, काही खाल्लं तरी हाडाला लागत नाही. आईच्या अंगात नाही, तर दुधात कुठून येणार? आता नुसत्या उन्हानं भागणार नाही, औषध द्यावं लागेल, बरेच महिने. पाय थोडे वाकलेत, ते सरळ होतील असं वाटतं, पण पुरते होतील की नाही ते आज सांगता येणार नाही.

"मग ऊन औषध हाय का जहर?" नूरबानूनं विचारलं.

"मिठासारखं आहे, काकी. नसलं तरी चालत नाही, मूठभर खाल्लं तरी चालत नाही." मॅडम म्हणाल्या. "बाळाला दुपारचं नको. सकाळी ऊन वर आलं की थोडा वेळ न्या, डोळ्यांवर सावली धरा. अंगावर हात ठेवून बसा आणि लाल व्हायच्या आत उचला. मोठ्या माणसाचंही तेच आहे. उन्हानं अंग तापलं की लगेच उचलून सावलीत न्यायचं, पाणी ओतायचं. वेळेवर उचललं तर बहुतेक माणसं वाचतात."

नूरबानूनं मान हलवली. मॅडम निघून गेल्या. खाटेच्या पलीकडे अक्सा मुसअबचा पाय हातात धरून बसली होती. लग्न होऊन आल्यापासून ती सासूला वाकडा शब्द बोलली नव्हती. ती वर न बघता बोलली.

"अम्मी, तुमचा पोरगा गेला, म्हणून माझा पण घालवायचा होता काय?"

त्यानंतर ती नूरबानूशी बोलली नाही. दवाखान्यातून घरी आले, तरी नाही. रागानं भांडी आपटली नाहीत, तोंड फिरवलं नाही. औषधाची बाटली मागायची असली तर करमअलीकडे मागायची, एवढंच. मॅडमनी परवानगी दिली की मुसअबला घेऊन रेवदंड्याला आईकडे जाणार, असंही तिनं करमअलीलाच सांगितलं. नूरबानूनं चुलीपाशी बसून ऐकलं. जा म्हणायला जीभ उचलत नव्हती, आणि राहा म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

त्या दिवशी तिनं कंबलं काढली. करमअली मदतीला आला तर त्याला नको म्हणाली. एकेक खिळा तिनं उचकटला. गुलाबाचं कंबल खाली पडलं तेव्हा दिसलं की घराकडची बाजू कालच आणल्यासारखी लालभडक होती आणि उन्हाकडच्या बाजूचे गुलाब राखेसारखे झाले होते. खिडकीतून उजेड आत आला आणि घरातली सगळी कोळिष्टकं, कोपऱ्यातली धूळ, पाळण्याच्या दोरीवरचा मळ, सगळं उघडं पडलं. अक्सानं डोळ्यांवर हात घेतला. मुसअब घाबरून रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी करमअलीनं ओट्यावर चटई टाकली. अक्सानं पोराला तेल लावलं, पण त्याला उचलून उभं राहणं तिच्या कमरेला झेपेना. तिनं त्याला खाटेवर ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. नूरबानूनं मुसअबला उचललं. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथं तिचे पाय थबकले. समोर ओट्यावर ऊन पडलं होतं, थंडीतलं, हळदीसारखं.

"तुमी घ्या," ती करमअलीला म्हणाली.

"न्हाय," करमअली म्हणाला. "कंबलं तू ठोकलीस. पोराला तूच ने."

ती गेली. चटईवर पाय लांब करून बसली आणि मुसअबला पायांवर पालथं घातलं, येसूबाई घालायची तसं. डोळ्यांवर पदराची सावली धरली. पदराच्या टोकाची गाठ पोराच्या मुठीत आली आणि त्यानं ती घट्ट धरली. रस्त्यापलीकडे येसूबाई बोंबील घालत होती. तिचे हात थांबले. ती आली आणि ओट्याच्या पायरीवर बसली.

नूरबानूनं पोराच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गार होती. मग कोमट झाली. मग हाताला ऊब लागली आणि नूरबानूनं घाईघाईनं त्याला उचलून छातीशी घेतलं.

"आत्ता तर घातलास, भाभी," येसूबाई म्हणाली. "अजून काय न्हाय झालं. घाल."

तिनं परत घातलं. हात पाठीवरून काढला नाही. ऊब वाढत होती आणि तिच्या कानात राहुलचा आवाज येत होता, तव्यासारखं, तव्यासारखं. तिच्या हाताखाली तसं काही नव्हतं. एक लहानशी पाठ होती, श्वासासरशी वर-खाली होणारी, सुखानं तापत चाललेली. लाल व्हायच्या आत उचलायचं. एवढंच करायचं होतं. इतकं सोपं होतं ते. तिथं इतकी माणसं होती, त्यांतल्या एकानं उठून जाऊन नुसता हात लावून बघायचा होता. आणि आपण इथं बसून उन्हाशी वैर काढत राहिलो.

"येसूबाय," ती म्हणाली, "माझ्या तबरेजच्या पाठीवर कुणाचा हात न्हवता गं. कुणी उचललाच न्हाय त्याला."

आणि मग ती रडली. लेक गेल्यापासून पहिल्यांदा, तोंड न झाकता, भर रस्त्यासमोर, हंबरडा फोडून. येणारेजाणारे थांबले, मान वळवून पुढं गेले. येसूबाईनं तिला गप्प केलं नाही. ती स्वतःच पदरानं डोळे पुसत होती. रडताना नूरबानूचं सगळं अंग हलत होतं, फक्त पोराच्या पाठीवरचा हात हलला नव्हता.

आतून अक्सा उठली. भिंत धरत, पाय ओढत उंबऱ्यावर आली. उजेड सोसेना म्हणून डोळे मिटून उभी राहिली, मग चाचपडत ओट्यावर येऊन बसली, सासूपासून हातभर लांब. तिचं रेवदंड्याला जायचं ठरलं होतं आणि ती जाणारच होती. तिनं फक्त हात लांब केला आणि मुसअबच्या पाठीवर नूरबानूच्या हाताशेजारी ठेवला.

थोड्या वेळानं पाठ किंचित गुलाबी दिसायला लागली. तेव्हा नूरबानूनं पोराला उचललं आणि सावलीत नेलं.